ज्याच्याकडे नाही, तो परीक्षक

शिरूर तालुक्यातलं केंदूर म्हटलं की वारकऱ्यांना संत कान्होराज पाठक आठवतात. शेजारचं पाबळ आठवतं ते विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. हाताने काम करत विज्ञान शिकायचं, असा तिथला परिपाठ. तिथून शाळांसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला, त्यात वेल्डिंग, सुतारकाम, शेती-पशुपालन यांच्या जोडीला ‘गृह आणि आरोग्य’ हा विभाग आहे, आणि त्यात मुलं एकमेकांचा रक्तगट तपासायला शिकतात. आठवी-नववीतली मुलं काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतात. एकावर निळ्या बाटलीतला थेंब, दुसऱ्यावर पिवळ्या बाटलीतला, तिसऱ्यावर बिनरंगी बाटलीतला. काडीने ढवळायचं, काचपट्टी हलकेच डोलवायची, दोनेक मिनिटं बघत राहायचं. निळ्या थेंबात रक्ताचे दाणे धरले तर ‘ए’, पिवळ्यात धरले तर ‘बी’, दोन्हींत धरले तर ‘एबी’, कुठेच नाही तर ‘ओ’. बिनरंगी थेंबावरून पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरतं.

या बाटल्यांत असतं प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी. इंग्रजी वायच्या आकाराचं हे प्रथिन. त्याच्या दोन टोकांना प्रत्येकी एक खाच असते आणि त्या खाचेत बसेल असा रेणू भेटला की ते त्याला धरतं. रक्तगटाच्या बाटलीतल्या प्रतिपिंडांना तर अशी दहा टोकं असतात, त्यामुळे एकेक प्रतिपिंड अनेक तांबड्या पेशींना एकत्र बांधतं आणि डोळ्यांना दाणे दिसतात. रंगाचा याच्याशी काही संबंध नाही. निळा आणि पिवळा रंग तपासणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून मागाहून घातलेला असतो.

बाटलीवर ‘अँटी-ए’ असं छापलेलं असतं आणि आपण ते मानतो. मानायला हरकत नाही, कारण कारखान्यात प्रत्येक खेप आधीच माहीत असलेल्या ए, बी आणि ओ गटांच्या पेशींवर तपासूनच बाहेर पडते. यातली अर्धी तपासणी सगळ्यांना लगेच पटते: ए गटाच्या पेशी गोळा व्हायला हव्यात. उरलेली अर्धी तितकीच मोलाची, पण तिच्याकडे दुर्लक्ष होतं. बी आणि ओ गटांच्या पेशी अजिबात गोळा होता कामा नयेत. प्रतिपिंड खरंच ‘ए’लाच धरतं की दिसेल त्याला धरतं, हे ज्याच्याकडे ‘ए’ नाही त्याच्याच पेशी सांगू शकतात. रक्तगटापुरती अशा पेशींची ददात नाही, ओ गटाची माणसं गल्लोगल्ली आहेत. अडचण येते ती जो रेणू सगळ्यांकडेच असतो त्याच्या बाबतीत. त्या रेणूचं प्रतिपिंड तपासायला ‘नसलेला’ माणूस आणायचा कुठून?

अशी माणसं मुंबईत सापडली होती, आणि तीही रक्तगटाच्याच कामात. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक टिपण छापलं. त्यात वर्णन केलेल्या मंडळींचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसत होतं, पण त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींनाही गोळा करत होता. ओ रक्त कुणालाही चालतं हा तेव्हाचा भरवशाचा नियम, आणि इथे त्या नियमालाच सुरुंग. कारण पुढे उलगडलं. ए आणि बी या दोन्ही खुणा ‘एच’ नावाच्या एका पायाभूत शर्करेवर उभ्या राहतात. ओ गटाच्या माणसाकडे वरचा इमला नसतो, पण एच भरपूर असतो. मुंबईच्या या मंडळींकडे पायाच नव्हता. म्हणून त्यांच्या शरीराला एच परका वाटतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात. हाच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. मुंबईत दर ७,६०० माणसांमागे एक, असा अंदाज भाटियांच्या पुढच्या कामातून निघाला. युरोपात तो दहा लाखांत एखादा.

पाबळच्या काचपट्टीवर असा माणूस आला तर तो बिनदिक्कत ‘ओ’ म्हणून नोंदला जाईल. त्याला ओळखायला एचला धरणारा पदार्थ लागतो. तो गॉर्स नावाच्या काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांतून काढतात. त्या पदार्थाची परीक्षा करायला मात्र बॉम्बे गटाच्याच पेशी लागतात, कारण जगातल्या बाकी जवळजवळ प्रत्येकाकडे थोडाफार एच असतोच. मुंबईत १९५७ साली सुरू झालेलं रक्तगट संदर्भ केंद्र, आज केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था, हे अशा दुर्मीळ रक्ताचं देशातलं ठिकाण झालं. हे दुर्मीळ रक्त गरजूंना देण्याच्या कामाचं आहेच, शिवाय ते एक उत्तम परीक्षकही आहे, याची वाच्यता फारशी होत नाही.

तांबडी पेशी सोडून शरीरातल्या इतर पेशींकडे वळलं की प्रकरण आणखी रंगतदार होतं. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, ती विषाणूचा कारखाना होऊ शकत नाही. बाकीच्या पेशी होऊ शकतात. म्हणून आत काय चाललंय हे पहाऱ्यावरच्या टी-पेशींना बाहेरून कळावं अशी सोय त्यांच्यात आहे. पेशीत बनलेली प्रथिनं सतत मोडीत निघतात. त्यांचे तुकडे टॅप नावाच्या दारातून पेशीतल्या एका जाळीदार कप्प्यात शिरतात. तिथे ईआरएपी-१ आणि ईआरएपी-२ ही दोन विकरं ते तुकडे एका टोकाकडून छाटून बेताचे करतात, आणि टॅपासिन नावाचं प्रथिन योग्य तुकडा योग्य खाचेत बसवायला मदत करतं. ही खाच असते एचएलए या रेणूला. खाचेत साधारण नऊ अमिनो आम्लांचा तुकडा घेऊन एचएलए पेशीच्या पृष्ठभागावर येतो. टी-पेशी शितावरून भाताची परीक्षा करते. शित ओळखीचं असेल तर पुढे जाते, विषाणूचं निघालं तर ती पेशीच मारून टाकते. याला म्हणतात प्रतिजन-सादरीकरण. टी-पेशी विषाणूची खूण एकटी ओळखत नाही, सोबत स्वतःचा एचएलए-सदृश रेणू असेल तेव्हाच ओळखते, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली कॅनबेरात उंदरांवर दाखवलं. त्यासाठी त्यांना १९९६चं नोबेल मिळालं.

एचएलए हा रेणू दोन भागांचा. मोठा भाग, ज्याला जड साखळी म्हणतात, माणसागणिक वेगळा असतो. त्याचे हजारो प्रकार आहेत. धाकटा भाग बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, वजनाने अवघा १२ किलोडाल्टनचा आणि जवळपास सगळ्यांचा सारखा. पुढच्या हकीकतीत या धाकट्याचंच काम जास्त आहे.

एचएलएचा पहिला सुगावा लावला तोही प्रतिपिंडांनीच, आणि ती प्रयोगशाळेत बनली नव्हती, आयांच्या शरीरात बनली होती. बाळाचे निम्मे एचएलए वडिलांकडून आलेले असतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात, आई त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही. हॉलंडमध्ये व्हान रूड आणि अमेरिकेत रोज पेन यांनी १९५८ साली हे स्वतंत्रपणे मांडलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी अनेकदा रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवातून पहिला एचएलए ओळखला. पुढे पॉल तेरासाकी यांनी १९६४ साली एका मायक्रोलिटरवर भागणारी चाचणी बसवली: बशीतल्या बारीक खळग्यात रक्तद्रव, त्यात पांढऱ्या पेशी, मग सशाच्या रक्तातले पूरक घटक. प्रतिपिंड चिकटलं की पेशी मरते आणि मेलेल्या पेशीत रंग शिरतो. मूत्रपिंड दान करण्याआधी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून पाहणारी ‘क्रॉसमॅच’ याच घराण्यातली. चार-पाच बाळंतपणं झालेल्या बाईला मूत्रपिंड मिळणं अवघड जातं, त्याचं मूळही इथेच आहे.

आयांच्या रक्तद्रवाची अडचण अशी की त्यात एकच प्रतिपिंड नसतं, अनेकांची सरमिसळ असते. शेकडो नमुने चाळावे तेव्हा एखादा कामाचा निघे, आणि तो संपला की संपला. त्याच बाईचं तेच रक्त पुन्हा मिळेल याची शाश्वती नाही. कितीतरी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा एकमेकींना थेंब-थेंब उसना देत होत्या.

१९७५ साली केंब्रिजमध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी ही उसनवारी संपवली. उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी एकच नेमकं प्रतिपिंड बनवते, पण काचपात्रात काही दिवसांत मरते. कर्करोगी पेशी मरत नाही, पण नेमकं प्रतिपिंड बनवत नाही. दोघींचं मीलन घडवलं आणि असं पोषणद्रव्य वापरलं की ज्यात एकट्या दोघीही तगत नाहीत, फक्त जोडपेशी तगते. तिची प्रजा वर्षानुवर्षं तेच एक प्रतिपिंड देत राहते. दोघांना १९८४चं नोबेल मिळालं. पेटंट मात्र कुणी घेतलं नाही, आणि त्यावरून ब्रिटनमध्ये पुढे बरीच हळहळ झाली. माझ्या मते ते बरंच झालं.

मग १९७८. ऑक्सफर्डचे बार्नस्टेबल, बॉडमर, विल्यम्स आणि केंब्रिजचे मिलस्टाइन वगैरेंनी माणसाच्या टॉन्सिलमधल्या पेशींची पटलं उंदरांना टोचली. त्यातून निघालेल्या जोडपेशींपैकी एकीचं प्रतिपिंड ए गटाच्या तांबड्या पेशींना धरत होतं. दुसरीचं प्रतिपिंड माणूस कुठलाही असो, त्याच्या एचएलए-ए, बी, सी या तिन्हींना धरत होतं. त्याचं नाव डब्ल्यू ६/३२. एकाच प्रयोगातून रक्तगटाच्या बाटलीचा भाऊबंद आणि एचएलएच्या अभ्यासाचं मुख्य हत्यार, दोन्ही निघाले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच दोघांचा उल्लेख आहे. डब्ल्यू ६/३२ची पेशी अमेरिकेतल्या पेशीपेढीत एचबी-९५ या क्रमांकाने ठेवलेली आहे आणि पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली तरी हे प्रतिपिंड रोज कुठे ना कुठे वापरलं जातं.

आता परीक्षेचा प्रश्न. हे प्रतिपिंड प्रत्येक माणसाच्या पेशीला चिकटतं. मग ते एचएलएलाच चिकटतं हे कशावरून? प्रत्येक पेशीवर असणारी आणखी शंभर प्रथिनं आहेत, त्यांतल्या एखाद्याला चिकटत असेल तरी निकाल हुबेहूब असाच दिसेल.

इथे कामी आली दाउदी. आफ्रिकेतल्या एका मुलाच्या बर्किट लिंफोमाच्या गाठीतून १९६७ साली वाढवलेली ही पेशीमाला. तिच्यातलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचं जनुक बिघडलेलं आहे. धाकटा भाग नाही म्हणून मोठ्याची घडी नीट बसत नाही आणि तो पृष्ठभागावर येऊ शकत नाही. दाउदी आतून धडधाकट, पण बाहेरून एचएलए-विरहित. डब्ल्यू ६/३२ तिला चिकटत नाही. बिघडलेल्या जनुकाच्या जागी चांगलं दिलं की चिकटतं. बॉम्बे गटाच्या माणसाने एचच्या बाबतीत जे केलं, ते दाउदीने एचएलएच्या बाबतीत केलं.

त्यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. डब्ल्यू ६/३२ नुसत्या जड साखळीला धरत नाही, धाकटा भाग जोडीला असेल आणि रेणूची घडी नीट बसलेली असेल तेव्हाच धरतं. उलट १९८६ साली आलेलं एचसी-१० हे प्रतिपिंड सुट्या, घडी मोडलेल्या साखळीला धरतं. म्हणजे एकाच रेणूची दोन प्रतिपिंडं, आणि दोघांची उत्तरं वेगळी. पेशीतला एचएलए कमी झाला की नुसता उलगडला, हे दोन्ही वापरल्याशिवाय कळत नाही.

नीट घडीचा हा आग्रह एका ठिकाणी भलताच फसवा ठरला. पेशी वाढवायला वासराच्या गर्भाचा रक्तद्रव वापरतात. त्यात गाईचं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन असतं आणि ते पेशीवरच्या मूळच्या धाकट्या भागाची जागा घेऊ शकतं. उंदराच्या पेशी अशा द्रवात वाढवल्या, की त्यांच्या एका एचएलए-सदृश रेणूवर गाईचा धाकटा भाग चढतो आणि माणसासाठी बनवलेलं डब्ल्यू ६/३२ उंदराच्या पेशीलाही चिकटायला लागतं. प्रतिपिंड तेच, पेशी तीच. फरक फक्त बाटलीतल्या वासराच्या द्रवाचा. असा घोटाळा एरवी महिनोन् महिने सापडत नाही.

पण नीट वापरल्यावर या प्रतिपिंडाने जे दाखवलं त्याला तोड नाही. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरला की आपली दोन प्रथिनं लावून नुकत्याच बनलेल्या एचएलएला मागच्या दाराने ओढून काढतो आणि पेशीच्याच मोडयंत्रात टाकतो. ओठावर फोड आणणारा हर्पीस विषाणू टॅपचं दारच बंद करतो. एचआयव्ही पृष्ठभागावर पोचलेले एचएलए परत आत ओढतो. या चोरवाटा उलगडण्यात डब्ल्यू ६/३२ आणि एचसी-१० यांसारख्या प्रतिपिंडांचा मोठा हात होता. काही कर्करोग उपचार चालू असताना नेमकं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनच गमावतात, दाउदीसारखे होतात, आणि टी-पेशींच्या नजरेतून सुटतात.

त्याहून भारी उपयोग म्हणजे गळ टाकणं. पेशी सौम्य साबणाने विरघळवायच्या, डब्ल्यू ६/३२ चिकटवलेल्या मण्यांवरून तो द्रव घालायचा. एचएलए मण्यांना धरून राहतात, बाकी वाहून जातं. मग आम्लाने धुतलं की खाचेतले तुकडे सुटे होतात आणि वस्तुमान-मापक यंत्रात त्यांचा क्रम वाचता येतो. डोनाल्ड हंट आणि सहकाऱ्यांनी हे १९९२ साली करून दाखवलं. आज कर्करोगाची व्यक्तिगत लस करू पाहणारे काही जण ही पद्धतही वापरतात.

केंदूर-पाबळच्या माणसाशी या रेणूची गाठ पडते ती बहुधा पाठदुखीतून. तिशीच्या आतला तरुण, सकाळी उठल्यावर पाठ तासभर लाकडासारखी कडक, चालल्या-फिरल्यावर सैल, आराम केला की पुन्हा तेच. शिक्रापूरमार्गे पुण्याला आलं की संधिवाताचे डॉक्टर चिठ्ठीवर इतर तपासण्यांबरोबर ‘एचएलए-बी२७’ लिहितात. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या आजाराशी एचएलएच्या बी२७ या प्रकाराचं नातं १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथून एकाच सुमारास जाहीर झालं. युरोपीय रुग्णांत दहांतल्या नऊ जणांकडे तो असतो. वैद्यकात एखाद्या रेणूचं एखाद्या आजाराशी इतकं घट्ट नातं क्वचितच सापडतं.

जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त तपासणीला जातं. त्यात बी२७ला धरणारं, चमकणारा रंग जोडलेलं प्रतिपिंड घालतात. दुसरं एक प्रतिपिंड टी-पेशी ओळखायला. तांबड्या पेशी फोडून टाकतात आणि उरलेल्या पेशी एकामागोमाग एक लेसरच्या झोतापुढून जातात. प्रत्येकीची चमक मोजली जाते. चमक ठरलेल्या रेषेच्या पुढे गेली तर पॉझिटिव्ह. ही रेषा कायमची नसते, प्रतिपिंडाच्या खेपेगणिक ती थोडी हलते आणि किटबरोबरच येते.

इथे डब्ल्यू ६/३२च्या उलट अडचण. ते सगळ्या एचएलएंना धरायला हवं होतं, हे मात्र हजारो प्रकारांतल्या एकालाच धरायला हवं. बी२७चा जवळचा भाऊबंद आहे बी७. या तपासणीत वर्षानुवर्षं वापरात असलेली एबीसी-एम३ आणि जीएस१४५.२ ही दोन्ही प्रतिपिंडं बी७लाही थोडी चिकटतात. बी७ असलेल्या माणसाची चमक मग रेषेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा बी७साठी वेगळं प्रतिपिंड सोबत लावतात, आणि चमक सीमेवर असेल तर पीसीआरने डीएनए तपासून खात्री करून घेतात. अहवालात ‘बॉर्डरलाइन’ दिसलं तर घाबरून जाऊ नये, ‘पीसीआरने पडताळलंत का?’ एवढं विचारावं. शिवाय बी२७चेही उपप्रकार आहेत. त्यांतल्या २७:०६ आणि २७:०९ यांचं आजाराशी नातं नगण्य दिसतं, पण प्रतिपिंडाला हे भेद कळत नाहीत. आणि बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यात कधी होत नाही. नुसत्या या एका तपासणीवर कुणी निदान करू नये ते याचसाठी.

बी२७मुळे मणका का धरतो, याचं एकमताचं उत्तर अजून नाही. तरी एक धागा पक्का हाती लागलाय. छाटणी करणाऱ्या ईआरएपी-१च्या जनुकातले काही फरक या आजाराचा धोका वाढवतात, आणि २०११ साली दिसून आलं की तो परिणाम बी२७ असलेल्यांतच असतो. म्हणजे खाच कुठली आहे आणि तिच्यात बसणारा तुकडा कसा छाटला गेलाय, या दोन्हींचा मेळ महत्त्वाचा. उंदरातलं हे छाटणीचं विकर २००२ साली बर्कलेत नीलाभ शास्त्री यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. उंदराकडे हे एकच. माणसाकडे जोडीला ईआरएपी-२ आहे.

एखादी विद्यार्थिनी पुण्यात ईआरएपी-२वर काम करायचं ठरवते असं धरा. गाईड म्हणतात, आधी प्रतिपिंड मागवा. कंपन्यांच्या यादीत डझनावारी सापडतात: सशाचं, उंदराचं, शेळीचं. प्रत्येकाच्या पानावर एक देखणं चित्र: पेशीतली प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंड लावलं की उमटणारी काळी ठळक पट्टी, सुमारे ११० किलोडाल्टनच्या जागी. यावर विश्वास ठेवायचा का? २०२३ साली ‘ई-लाइफ’मध्ये आलेल्या एका मोठ्या तपासणीत ६५ प्रथिनांची बाजारातली ६१४ प्रतिपिंडं तावून-सुलाखून पाहिली. पद्धत सरळ: ज्या पेशीत ते प्रथिन आहे ती आणि ज्या पेशीतून त्याचं जनुक काढून टाकलंय ती, दोन्ही शेजारी-शेजारी. दोन्हीकडे पट्टी दिसली की प्रतिपिंड खोटं. कितीतरी प्रतिपिंडं नापास झाली. एवढंच नाही, तर नापास प्रतिपिंड वापरून केलेले निष्कर्ष प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंधांत छापून आलेले निघाले. त्या कामांवर खर्च झालेली वर्षं आणि शिष्यवृत्त्या यांचा हिशेब कुणी मांडला नाही, तो मांडायला हवा असं मला वाटतं. हीच तपासणी असंही दाखवते की जनुकक्रम वाचून कारखान्यात बनवलेली प्रतिपिंडं सशाच्या रक्तद्रवातून काढलेल्यांपेक्षा सरस ठरतात. आयांच्या रक्तद्रवाला जो दोष होता तोच सशाच्या रक्तद्रवालाही आहे: सरमिसळ, आणि ससा गेला की खेप संपली.

ईआरएपी-२च्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ईआरएपी-१ आणि ईआरएपी-२ सख्खी भावंडं, निम्म्याच्या आसपास अमिनो आम्लं सारखी आणि वजनही जवळजवळ एकच. पट्टी ११०च्या आसपास आली म्हणजे ती ईआरएपी-२ची, असं म्हणताच येत नाही. ईआरएपी-१ची पट्टी तिथेच येते. उंदरावर तपासायला जावं तर उंदरात ईआरएपी-२ मुळातच नाही. म्हणजे उंदराच्या पेशी ‘नसलेल्या’ म्हणून वापरता येतील? येतील, पण प्रतिपिंड माणसाच्या पेशीतल्या बाकी गर्दीत कुणाला धरतं, हे त्या सांगू शकत नाहीत. जनुक काढून टाकलेली मानवी पेशी बनवायची तर जनुकावर कात्री चालवायला, निवड करायला आणि पडताळायला काही महिने जातात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं पेशीभांडार देशभर पेशीमाला पुरवतं, तिथून मूळ पेशी मिळतात, पुढचं काम आपलं आपण करायचं.

पण या रेणूपुरती निसर्गाने सोय करून ठेवलेली आहे. ईआरएपी-२च्या जनुकात एका अक्षराचा फरक आहे, आरएस२२४८३७४ या नावाने नोंदलेला. त्याचं एक रूप असेल तर संदेश नीट जुळत नाही, अर्धवट राहतो आणि पेशी तो नष्ट करते. प्रथिन बनतच नाही. जगभरच्या बहुतेक लोकसमूहांत हे रूप निम्म्याच्या आसपास आढळतं. आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही बाजूंनी तेच रूप आलेली माणसं साधारण चारांत एक, आणि त्यांच्याकडे ईआरएपी-२ औषधालाही नसतं. ही माणसं धडधाकट असतात, त्यांना याचा पत्ताही नसतो. बॉम्बे गटाचा माणूस शोधायला मुंबईत हजारो नमुने चाळावे लागतात. ईआरएपी-२ नसलेला माणूस विद्यार्थिनीच्या शेजारच्या टेबलावर बसलेला असण्याची शक्यता भरपूर.

तेव्हा ती आधी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणि दहा सहकाऱ्यांची लेखी संमती घेईल, लाळेतून त्या एका अक्षराची तपासणी करेल. अंदाजाप्रमाणे दोन-तीन जणांकडे प्रथिन नसेल. मग दोन्ही प्रकारच्या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांचा अर्क एकाच जेलवर शेजारी-शेजारी चालवेल, आणि यादीतल्या तीन-चार प्रतिपिंडांचे नमुने एकेक करून लावून बघेल. ज्यांच्याकडे जनुक शाबूत आहे त्यांच्या रकान्यात ११०ला पट्टी, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्या रकान्यात त्या जागी कोरा कागद, असं ज्या बाटलीने दाखवलं तीच मोठ्या मापात मागवायची. दोन्ही रकान्यांत पट्टी आली तर ती बाटली बहुधा ईआरएपी-१ दाखवते आहे. ती फेकून देण्याआधी ईआरएपी-१च्या कामाला चालते का, तेही बघून घ्यावं.